मोटारसायकलच्या पुढील फोर्कची स्प्रिंग

मोटारसायकलच्या पुढील फोर्कची स्प्रिंग ही पुढच्या चाकाला बसणारे धक्के सामावून घेणारी आणि गाडीच्या पुढील भागाचा भार तोलून धरणारी सर्पिलाकार पोलादी स्प्रिंग होय. बहुतेक मोटारसायकलींच्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये उजव्या व डाव्या पायात अशी एकेक स्प्रिंग असते. महाराष्ट्रातील दुरुस्तीच्या दुकानांत संपूर्ण फोर्कला ‘पुढचा शॉकप’ असे म्हटले जाते. गाडी जुनी झाल्यावर तिचा पुढील भाग खाली बसू लागतो, ब्रेक लावताच हॅण्डल झुकते आणि खड्ड्यात फोर्क तळाला आदळतो. अशा वेळी ‘स्प्रिंग गेली’ असे सरसकट निदान केले जाते. प्रत्यक्षात स्प्रिंगची लांबी घटणे, मुळातच ती भाराच्या मानाने नरम असणे आणि तेलाचे अवमंदन कमी होणे हे तीन निरनिराळे दोष असून प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्यामुळे बदलण्यापूर्वी स्प्रिंगची ओळख पटवणे, म्हणजे तिची मोजमापे घेऊन कडकपणा ठरवणे, आवश्यक असते.

रचना आणि कार्य

टेलिस्कोपिक फोर्कच्या प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. वरची नळी (फोर्क पाइप) हॅण्डलखालच्या ‘टी’मध्ये घट्ट आवळलेली असते. खालची जाड नळी चाकाच्या आसाला जोडलेली असून ती वरखाली सरकते. स्प्रिंग बहुधा वरच्या नळीच्या आत, तेलात उभी असते. तिचे वरचे टोक फोर्कच्या टोपीला किंवा मधल्या नळकांडीला टेकते. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र स्प्रिंग नळीच्या बाहेर, पत्र्याच्या आवरणाखाली असे.

फोर्कमध्ये तीन घटक एकत्र काम करतात. स्प्रिंग भार पेलते व धक्क्याची ऊर्जा साठवते. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जात असल्याने ते ती ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून हेलकावे शमवते. या क्रियेला अवमंदन म्हणतात. तेलाच्या वर कोंडलेली हवा दाबली गेल्यावर दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते आणि विशेषतः शेवटच्या टप्प्यात प्रतिकार वाढवते. म्हणूनच तेलाची पातळी थोडी वाढली तरी फोर्क अखेरीस अधिक कडक झाल्यासारखा जाणवतो. पातळी प्रमाणाबाहेर गेल्यास हवेचा दाब वाढून ऑइल सील फुटण्याचा धोका असतो.

इतिहास

आरंभीच्या अनेक मोटारसायकलींना गर्डर पद्धतीचा फोर्क असे. त्यात जोडदांड्यांच्या चौकटीवर मध्यभागी एकच उघडी स्प्रिंग बसवलेली असे. तेलाचे अवमंदन असलेला टेलिस्कोपिक फोर्क जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आर-१२ व आर-१७ या गाड्यांवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना जगभर रूढ झाली.

भारतात १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेटची जुळणी व पुढे निर्मिती देशात होऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी गाड्या बनवल्या. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पोलंडच्या एसएचएल एम-११ वर आधारलेल्या राजदूतच्या सुरुवातीच्या गाड्यांना टेलिस्कोपिक फोर्क नव्हता, तर पुढे निघालेल्या जोडदांड्यांवर चाक बसवलेले होते. यामाहा आरएक्स-१०० ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झाली. महाराष्ट्रात बजाज ऑटोने १९८५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ (तत्कालीन औरंगाबाद) वाळूज येथे कारखाना सुरू केला, तर २००१ मध्ये पल्सर बाजारात आणली. बजाजची चेतक स्कूटर या प्रकारात मोडत नाही. तिचे पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर पेललेले होते.

या इतिहासाचा आजच्या मालकाशी थेट संबंध आहे. ज्या गाडीचे उत्पादन थांबून पंचवीस-तीस वर्षे झाली, तिच्या स्प्रिंगचा भागक्रमांक सापडला तरी मूळ भाग मिळेलच असे नाही. बाजारात मिळणारी स्प्रिंग ‘अमुक गाडीची’ म्हणून विकली जाते; पण तारेची जाडी, वेढे व लांबी यांपैकी काहीही वेगळे असू शकते. अशा स्थितीत नावापेक्षा मोजमापच विश्वासार्ह ठरते.

स्प्रिंगचा स्थिरांक

स्प्रिंगचे दबणे तिच्यावरील बलाच्या प्रमाणात असते. शालेय भौतिकशास्त्रात हा हूकचा नियम म्हणून परिचित आहे. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यासाठी जेवढे बल लागते त्याला तिचा स्थिरांक म्हणतात. तो न्यूटन प्रति मिमी या एककात देतात. दुकानात ज्याला ‘कडक’ वा ‘नरम’ म्हणतात, त्याचेच हे संख्यात्मक रूप होय. सर्पिल स्प्रिंगचा स्थिरांक पुढील सूत्राने काढता येतो :

क = (ग × त⁴) ÷ (८ × व³ × न)

येथे ‘क’ हा स्थिरांक, ‘ग’ हा पोलादाचा दृढता गुणांक (सुमारे ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी), ‘त’ हा तारेचा व्यास, ‘व’ हा वेढ्याचा सरासरी व्यास (बाहेरील व्यास वजा तारेचा व्यास) आणि ‘न’ ही क्रियाशील वेढ्यांची संख्या आहे. दोन्ही टोकांचा शेवटचा सपाट घासलेला वेढा दबत नाही. त्यामुळे एकूण वेढ्यांतून साधारणपणे २ वजा करतात.

उदाहरणार्थ, तारेचा व्यास ४ मिमी, बाहेरील व्यास २६ मिमी, एकूण वेढे ५२ आणि मोकळी लांबी ४०० मिमी असलेली स्प्रिंग घेऊ. तिचा सरासरी व्यास २२ मिमी व क्रियाशील वेढे ५० येतात. सूत्रानुसार तिचा स्थिरांक सुमारे ४.७५ न्यूटन प्रति मिमी ठरतो. आता बाहेरील व्यास, वेढे व लांबी तीच ठेवून तार ४.२ मिमी केली, तर स्थिरांक सुमारे ५.९३ होतो. केवळ ०.२ मिमी जाडीने कडकपणा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. डोळ्यांना या दोन स्प्रिंग सारख्याच दिसतात. हातात धरूनही फरक सहज कळत नाही. सूत्रात तारेच्या व्यासाचा चौथा घात असल्याने असे घडते.

स्प्रिंगची ओळख पटवणे

मोजमापे

स्प्रिंग फोर्कमधून काढून रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन पुसून घेतात. तारेचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने किंवा शक्य असल्यास मायक्रोमीटरने किमान तीन ठिकाणी मोजतात. गंज असल्यास तो आधी बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढावा लागतो, अन्यथा गंजाची जाडी तारेत धरली जाते. त्यानंतर बाहेरील व्यास, मोकळी लांबी आणि वेढ्यांची संख्या नोंदवतात. वेढे मोजताना दर दहा वेढ्यांनंतर खडूची खूण केल्यास चूक टळते. दोन्ही पायांतील स्प्रिंग स्वतंत्रपणे मोजणे महत्त्वाचे असते. जुन्या गाडीत पूर्वी केव्हातरी एकच स्प्रिंग बदललेली असण्याची शक्यता असते.

एकसमान आणि वर्धमान स्प्रिंग

सर्व वेढ्यांमधील अंतर सारखे असल्यास स्प्रिंग एकसमान असते आणि तिचा स्थिरांक सर्वत्र जवळजवळ तोच राहतो. एका टोकाला वेढे दाट व दुसऱ्या टोकाला विरळ असल्यास ती वर्धमान (प्रोग्रेसिव्ह) असू शकते. दाबताना दाट वेढे आधी एकमेकांना टेकतात. मग क्रियाशील वेढ्यांची संख्या घटते आणि कडकपणा वाढतो. अशा स्प्रिंगला वरील सूत्र संपूर्ण लांबीसाठी एकदाच लावता येत नाही. दाट टोक वर ठेवावे की खाली, हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेनुसार ठरवतात.

वजनकाट्यावरील चाचणी

सूत्राने काढलेला आकडा साध्या चाचणीने पडताळता येतो. स्प्रिंगच्या आतून एक सरळ दांडा घालून ती वजनकाट्यावर उभी करतात, कारण दांड्याविना लांब स्प्रिंग वाकून उडू शकते. उभ्या ड्रिल मशीनच्या दांड्याने ती प्रथम २० मिमी आणि मग ७० मिमी दाबून दोन्ही वेळचे वजन नोंदवतात. दोन वजनांतील फरकाला ५० ने भागल्यास किलोग्रॅम प्रति मिमी मिळतात, त्याला ९.८१ ने गुणल्यास न्यूटन प्रति मिमी. वरील उदाहरणातील पहिल्या स्प्रिंगसाठी हा फरक सुमारे २४ किलोग्रॅम, तर दुसरीसाठी सुमारे ३० किलोग्रॅम येईल.

‘नरम पडलेली’ स्प्रिंग

वापराने स्प्रिंग नरम होते, असा समज रूढ आहे. वस्तुतः पोलादाचा दृढता गुणांक, तारेची जाडी आणि वेढे हे वापराने फारसे बदलत नाहीत. त्यामुळे स्थिरांकही जवळजवळ तसाच राहतो. बदलते ती लांबी. वर्षानुवर्षे दाबाखाली राहून स्प्रिंग कायमची थोडी आखूड होते. परिणामी गाडीचा पुढील भाग खाली बसतो आणि चालकाला ती नरम वाटते. दुरुस्ती-पुस्तिकेत नव्या स्प्रिंगची लांबी व कमाल घट यांचे आकडे दिलेले असतात. खोल गंजाने तार झिजलेली असल्यास मात्र स्थिरांक खरोखर घटतो आणि तार तुटण्याचा धोका निर्माण होतो. अशी स्प्रिंग टाकून देणेच योग्य होय.

पूर्वदाब आणि बैठक

फोर्क जुळवताना टोपी बसवली की स्प्रिंग काही प्रमाणात आधीच दाबली जाते. याला पूर्वदाब (प्रीलोड) म्हणतात. गाडीवर चालक बसल्यावर फोर्क जितका खाली जातो, त्याला बैठक (सॅग) म्हणतात. रस्त्यावरील गाडीत चालकासह बैठक फोर्कच्या एकूण हालचालीच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. बैठक फारच कमी असल्यास चाकाला खड्ड्यात उतरण्यास वाव राहत नाही. फार जास्त असल्यास फोर्क तळाला आदळतो.

बैठक मोजण्यासाठी चाक जमिनीपासून उचलून फोर्कच्या नळीची उघडी लांबी मोजतात. नंतर चालक नेहमीच्या पद्धतीने बसल्यावर तीच लांबी पुन्हा मोजतात. सीलच्या घर्षणामुळे फोर्क थोडा अडकतो. म्हणून एकदा फोर्क दाबून व एकदा उचलून, अशी दोन मोजमापे घेऊन सरासरी काढतात.

पुढील भागावर चालकासह ६० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ५८९ न्यूटन भार आहे, फोर्कची एकूण हालचाल १२० मिमी आहे आणि पूर्वदाब २० मिमी आहे असे समजू. फोर्कचा तिरपेपणा, हवेचा दाब व घर्षण येथे दुर्लक्षित केले आहेत. ४.७५ स्थिरांकाच्या दोन स्प्रिंगचा एकत्रित स्थिरांक ९.५ होतो. त्या एकूण ६२ मिमी दबतात; त्यांतील २० मिमी पूर्वदाबाचे वजा केल्यास बैठक ४२ मिमी, म्हणजे ३५ टक्के येते. ५.९३ स्थिरांकाच्या जोडीने तीच बैठक सुमारे ३० मिमी, म्हणजे २५ टक्के होते.

मूळ स्प्रिंगवर १२ मिमी उंचीची नळकांडी घालूनही बैठक ३० मिमीवर आणता येते. मग नवी स्प्रिंग कशाला, असा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर ब्रेक लावताना मिळते. ब्रेकमुळे पुढील भागावर आणखी ४०० न्यूटन भार आला, तर मूळ जोडी आणखी ४२ मिमी दबते, मग पूर्वदाब कितीही असो. कडक जोडी ३४ मिमी दबते. नळकांडी गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. केवळ लांबी घटलेल्या स्प्रिंगला नळकांडी पुरेशी असते. भाराच्या मानाने नरम असलेल्या स्प्रिंगला ती पुरत नाही.

स्प्रिंग बदलण्याचे पर्याय

मूळ मोजमापाची नवी स्प्रिंग हा सर्वांत सुरक्षित पर्याय होय. चालक जड असल्यास, मागे नेहमी दुसरी व्यक्ती वा सामान असल्यास अथवा ब्रेक लावताना फोर्क प्रमाणाबाहेर दबत असल्यास अधिक कडक स्प्रिंग निवडतात. सुरुवातीला १० ते २५ टक्क्यांपेक्षा मोठी उडी टाळणे हितावह असते, कारण फार कडक स्प्रिंगने चाक लहान उंचवट्यांवर उड्या मारते आणि रस्त्यावरील पकड घटते.

मूळ भाग मिळत नसल्यास नमुन्यावरून स्प्रिंग वळवून घेता येते. अशा वेळी कारागिराला केवळ जुनी स्प्रिंग न देता तारेचा व्यास, बाहेरील व्यास, वेढे व लांबी लिहून द्यावी लागते. टोके सपाट घासलेली असणे, वळवल्यानंतर योग्य उष्णतोपचार झालेला असणे आणि स्प्रिंग एकदा पूर्ण दाबून लांबी स्थिर केलेली असणे, या तीन गोष्टींची खात्री करतात.

स्प्रिंगचे सर्व वेढे एकमेकांना टेकून ती घट्ट होणार नाही, हेही तपासावे लागते. तारेचा व्यास गुणिले एकूण वेढे म्हणजे तिची घट्ट लांबी. वरील ४.२ मिमी तारेच्या स्प्रिंगची घट्ट लांबी सुमारे २१८ मिमी आहे. म्हणजे ४०० मिमीपैकी १८२ मिमी दबण्यास वाव आहे. पूर्वदाब २० आणि हालचाल १२० मिळून १४० मिमीच लागत असल्याने ही स्प्रिंग चालू शकते. तसेच तिचा बाहेरील व्यास नळीच्या आतील व्यासापेक्षा पुरेसा कमी असावा, नाहीतर ती नळीला घासून तेलात धातूचा कीस मिसळतो.

टाळावयाचे उपाय

स्प्रिंग कापून नळकांडी घालण्याची पद्धत प्रचलित आहे. वेढे कमी झाल्याने स्थिरांक वाढतो, हे खरे आहे. उदाहरणातील स्प्रिंगचे ५ वेढे कापल्यास तो ४.७५ वरून सुमारे ५.२८ होतो. परंतु कापलेले टोक सपाट राहत नाही, ते एका बाजूला टेकते आणि दबण्याचा वावही १९२ मिमीवरून सुमारे १७२ मिमीवर येतो. टोक वाकवण्यासाठी गॅसच्या ज्योतीने तापवल्यास पोलादाचा उष्णतोपचार नष्ट होऊन स्प्रिंग तेथेच बसते किंवा तुटते. दोन पायांत निरनिराळ्या स्प्रिंग घालणे आणि नरम स्प्रिंगवर उपाय म्हणून खूप जाड तेल ओतणे, हेही चुकीचे आहे. जाड तेलाने फोर्कची गती मंदावते. स्थिर भाराखाली तो तेवढाच खाली बसतो. सलग खड्ड्यांवर तर तो वर येण्यापूर्वीच पुन्हा दबला जातो.

बदलण्याची कृती आणि सुरक्षितता

फोर्कच्या टोपीखाली दाबलेली स्प्रिंग असते. टोपी सुटण्याच्या शेवटच्या आट्यावर ती गोळीसारखी उडून चेहऱ्याला इजा करू शकते. म्हणून पुढील क्रम पाळला जातो :

१. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनाखाली भक्कम ठोकळा देतात, जेणेकरून पुढचे चाक अधांतरी राहील व फोर्क पूर्ण ताणला जाईल.
२. टोपी फिरवण्यापूर्वी वरच्या ‘टी’चा आवळणारा बोल्ट सैल करतात, अन्यथा टोपीचे आटे खराब होतात.
३. चेहरा बाजूला ठेवून, पान्यावर वरून दाब देत टोपी हळूहळू सोडवतात. काही गाड्यांत टोपी आट्यांऐवजी तारेच्या कड्याने धरलेली असते. तेथे टोपी खाली दाबून धरल्यावरच कडे काढतात.
४. एका वेळी एकाच पायाचे काम करतात.
५. जुने तेल काढून नळी धुतात आणि पुस्तिकेतील प्रतीचे व मापाचे तेल भरतात. पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर काढून फोर्क पूर्ण दाबलेला ठेवतात. दोन्ही पायांतील पातळी सारखी असावी लागते.
६. स्प्रिंग, वायसर व नळकांडी मूळ क्रमाने घालून टोपी आवळतात आणि त्यानंतर ‘टी’चा बोल्ट.

काम झाल्यावर गाडी प्रथम संथ वेगाने चालवून पाहतात. ब्रेकच्या लायनर वा डिस्कवर तेलाचा थेंबही पडलेला नसावा. ऑइल सीलची गळती, वाकलेली नळी, झिजलेले बुश किंवा हॅण्डलच्या कोन सेटमधील ढिलाई यांमुळेही पुढील भाग अस्थिर होतो. नव्या स्प्रिंगने हे दोष दूर होत नाहीत.

हवामान आणि वापर

स्प्रिंग व तेल यांची निवड स्थानिक परिस्थितीवरही अवलंबून असते. नागपूर हे याचे चांगले उदाहरण आहे. तेथे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपुढे जाते, तर हिवाळ्यात पहाटे १० अंशांच्या आसपास उतरते. पोलादी स्प्रिंगच्या कडकपणावर या फरकाचा परिणाम नगण्य असतो. तेल मात्र उन्हाळ्यात पातळ होऊन अवमंदन घटते. हिवाळ्यात ठीक असलेली गाडी उन्हाळ्यात डुलू लागल्यास दोष तेलाचा असण्याची शक्यता अधिक असते. शहराच्या पूर्व भागातील लकडगंज हा लाकूड-व्यापाराचा जुना परिसर असून महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एक त्याच नावाने ओळखला जातो. अशा बाजारपेठांत मोटारसायकल प्रवासाइतकीच सामान वाहण्यासाठी वापरली जाते. तेव्हा बैठक मोजताना रिकामी गाडी न धरता नेहमीचा भार ठेवणे उपयुक्त ठरते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. फोर्कच्या स्प्रिंगचा कडकपणा हा प्रमाणपत्रातील तपशील नाही. मात्र संपूर्ण फोर्क वा चौकट बदलणे ही वेगळी बाब आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरणाच्या वेळी वाहनाची तपासणी होते. जुन्या गाडीचा फोर्क सुस्थितीत ठेवणे त्या दृष्टीनेही गरजेचे ठरते.

हे सुद्धा पहा

टेलिस्कोपिक फोर्क
हूकचा नियम
अवमंदन
रॉयल एनफील्ड बुलेट
यामाहा आरएक्स-१००